खराब रस्ता, बंद पडणारा डॅशकॅम आणि एक ढिला जोड

हार्डवायर किटसोबत (डॅशकॅमला, म्हणजे गाडीतल्या कॅमेऱ्याला, थेट फ्यूज बॉक्समधून वीज देणाऱ्या वायरींचा संच) आलेल्या कागदावर लिहिलंय, 'कुठल्याही फ्यूजला जोडा, झालं'. तीन दिवसांच्या प्रवासानंतर एवढंच सांगता येईल की तो कागद फेकून द्या.

पहिला दिवस सपाट हायवेचा. सेल्फ मारताना कॅमेरा एकदा बंद होऊन पुन्हा सुरू झाला. तो बिघाड नव्हे, तेवढा वेळ अ‍ॅक्सेसरी लाइन (किल्ली फिरवल्यावरच मिळणारी वीज) बहुतेक गाड्यांत तुटते. खरी गंमत रात्री झाली. गाडी लॉक केल्यावर वीसएक मिनिटांत पार्किंग रेकॉर्डिंग थांबलं. बॅटरी 12.6 व्होल्ट, म्हणजे कट-ऑफचा (बॅटरी ठरावीक व्होल्टखाली गेली की किट कॅमेरा बंद करतं त्याचा) दोष नाही. पिवळी वायर, जिला किल्ली काढल्यावरही कायम वीज हवी, ज्या फ्यूजवर होती तो किल्ली काढल्यावरही चालू दिसत होता, पण कंट्रोल मॉड्यूल (गाडीचा छोटा संगणक) झोपलं की तोही मरतो. म्हणून किल्ली काढल्या काढल्या मोजू नका. दार उघडं ठेवा, त्याची कडी स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करा, म्हणजे दार लागलंय असं गाडीला वाटेल. मग लॉक करून अर्ध्या तासाने मल्टिमीटरची काळी पिन बॉडीच्या धातूला ठेवा आणि लाल पिन फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांना एकेक करून लावा. काम झाल्यावर हँडल ओढून कडी सोडवा, नाहीतर दार आपटलं की कडीचंच नुकसान.

लाल वायर किल्लीवर चालू-बंद होणाऱ्या फ्यूजवर, काळी बॉडीच्या धातूला. बहुतेक किटमध्ये रंग हेच असतात, तरी लेबल वाचा. एअरबॅग आणि एबीएसच्या फ्यूजला हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी खड्ड्यांचा पट्टा आला आणि दर दोन मिनिटांनी कॅमेरा रीस्टार्ट. वाटेत एका गॅरेजवाल्याने बॅटरी न तपासताच नवीन बॅटरी गळ्यात मारायचा प्रयत्न केला. इंजिन चालू असताना मीटरवर 14.2 व्होल्ट दिसत असेल तर चार्जिंग ठीक आहे, रीस्टार्टसाठी बॅटरी बदलायच्या सल्ल्याकडे दुर्लक्ष करा. फ्यूज शाबूत, लाल वायरवर 12 व्होल्ट, काळ्या वायरीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत कॅमेरा चालू असताना 0.05 व्होल्ट. अर्थिंगही ठीक (0.1 च्या वर गेलं तर बोल्टखालचा रंग खरवडा).

दोष होता फ्यूज टॅपच्या (मूळ फ्यूजच्या जागी बसून कॅमेऱ्याला वेगळ्या फ्यूजमधून वीज देणारा जोड) शेपटीच्या क्रिम्पमध्ये, म्हणजे नळकांडं दाबून केलेल्या जोडात. किटची वायर केसासारखी बारीक, आणि टॅपचं निळं नळकांडं जाड वायरीसाठी. दाबलं तरी दोन-तीन तारांवरच लटकत होती. एक तार लागली तरी मीटर सुखाने 12 व्होल्ट दाखवतो, कारण तो करंट ओढतच नाही. म्हणून मीटरवर भरवसा नको: कॅमेरा चालू ठेवा आणि प्रत्येक जोड बोटांनी हलवून पाहा. उपाय पाच मिनिटांचा. वायर दुप्पट लांब सोला, तारा पिळून दुमडा, मग क्रिम्प करा आणि जोरात ओढून बघा. सुटली तर पुन्हा करा.

त्याच गडबडीत टॅप उलटा बसवू नका. टॅपचा जो पाय दोन्ही फ्यूजना करंट देतो तो बॅटरीच्या बाजूला असला पाहिजे. मूळ फ्यूज काढा, मीटरची काळी पिन बॉडीच्या धातूला ठेवून खाच्याच्या दोन्ही टोकांवर एकेक करून मोजा. जिथे 12 व्होल्ट येतं ती बॅटरीची बाजू. उलटं बसलं तर कॅमेऱ्याचा करंटही मूळ फ्यूजमधूनच जातो आणि तो उडाला की दोन्ही बंद. कॅमेऱ्याचा फ्यूज 2 किंवा 3 अँपिअरचा पुरे. तो सारखा उडत असेल तर कॅमेऱ्याचा प्लग काढून नवा फ्यूज टाका. तरी उडाला तर बहुधा वायर कुठेतरी, जसं काचेशेजारच्या खांबाच्या प्लास्टिकखाली, घासलीय. 10 चा लाल फ्यूज कोंबणारे वायर जाळतात.

कट-ऑफ 12.2 वर ठेवा. 11.6 हा पर्याय किटमध्ये का देतात कळत नाही. तोवर बॅटरी जवळजवळ रिकामी असते. कॅमेरा 0.4 अँपिअर ओढत असेल तर दहा तासांत 4 अँपिअर-अवर जातात, जुनी बॅटरी सकाळी कुरकुरणारच.

तिसरा दिवस निर्धोक गेला. डिकीत ठेवा: 2 आणि 3 अँपिअरचे चार-चार फ्यूज (आकार मिनी, लो-प्रोफाइल की मायक्रो, ते आधी आपल्या गाडीत बघून), क्रिम्पिंग पक्कड, मीटर, चिकटपट्टी. पक्कड विसरलात तर दातांनी क्रिम्प करू नका, ते टिकत नाही.