मवाळ कुत्रा

औषधाच्या दुकानातल्या मुलीने खिडकीतून पुकारा केला, "शिवाडा!" आणि त्यापुढे आमचं आडनाव, तेही तसंच ठेचकाळत. मी पुढे झालो.

"जन्मतारीख?"

इथे अमेरिकेत औषध हातात ठेवण्याआधी जन्मतारीख विचारतात. मी म्हटलं, "नक्की माहीत नाही." तिने मान वर केली. "तुमची नाही, पेशंटची." "पेशंटचीच माहीत नाही. तो कुत्रा आहे."

कुत्र्याचं नाव चिवडा. पिवळा, तपकिरी, काळा, मध्येच पांढरा, आणि जातींची तशीच मिसळ. नाव आईने फोनवर फोटो बघून ठेवलं. बेवारस कुत्र्यांच्या शेल्टरने अंदाजाने दिलेली जन्मतारीख फोनमध्ये सापडली आणि गोळ्यांची केशरी बाटली मिळाली. बाटलीवर नाव छापलेलं, नावापुढे आमचं आडनाव. या देशात आमच्या घराण्याच्या नावावर निघालेलं चिंतेवरचं पहिलं औषध कुत्र्याचं निघालं, हे तेव्हा लक्षात आलं नाही. लक्षात आणून दिलं ते रांगेत मागे उभ्या असलेल्या शेजाऱ्याने.

"तुमच्या पक्षात," तो म्हणाला, "आतापर्यंत फक्त मतदारच गोळ्या घ्यायचे असं मला वाटत होतं."

रांगेतले तिघं-चौघं हसले. मीही हसलो. त्याच्या विनोदाला हसायचं हे आमच्या कुंपणाचं अलिखित कलम आहे. बर्फ पडला की त्याचं यंत्र आमच्यासमोरचाही रस्ता साफ करतं.

हा विनोद त्याचा स्वतःचा नाही. अमेरिकेत तो पुष्कळ दिवस फिरतो आहे: लिबरल लोक स्वतः निवडणुकीच्या निकालाने गळाठतात, मग त्यांची मांजरं गळाठतात, मग दोघं एकाच डब्यातल्या गोळ्या खातात. आम्ही राहतो ती पेनसिल्व्हेनियातली बक्स काउंटी तर या विनोदांची पेठ. 2016 ला इथे हिलरी क्लिंटन पुढे, 2020 ला बायडन पुढे, आणि 2024 ला अगदी थोडक्या मतांनी ट्रम्प. त्यामुळे कुणाच्या घरात कोणत्या साली सुतक असेल याचा नेम नाही. शेजाऱ्याच्या दारात ट्रम्पचा झेंडा आहे. आमच्या अंगणात "या घरात आम्ही मानतो की" अशी सुरुवात असलेली पाटी आहे. विज्ञान खरं आहे, प्रेम म्हणजे प्रेम, वगैरे. खरं सांगायचं तर ती आम्ही लावलेली नाही. घर भाड्याने घेतलं तेव्हा ती आधीच रोवलेली होती. वाचली, न पटण्यासारखं काही दिसलं नाही, राहू दिली. एवढ्यावर आम्ही लिबरल झालो. त्यात मी मटण खात नाही, म्हणजे पुरावाच.

वास्तविक मला इथे मतच नाही. एच-वन-बी व्हिसावर आहे आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा आहे. एका देशाला दरवर्षी सात टक्क्यांहून जास्त ग्रीन कार्डं नाहीत असा नियम असल्यामुळे भारतीयांची ती रांग औषधाच्या दुकानातल्या रांगेसारखी सरकत नाही. म्हणजे मतदान शेजाऱ्याचं आणि चिंता माझी, अशी आमच्यात कामाची वाटणी आहे. पण हे सगळं रांगेत उभ्याने सांगण्यासारखं नव्हतं.

घरी आल्यावर आईने बाटली हातात घेऊन उलटसुलट केली. ती सहा महिन्यांसाठी वाईहून आलेली. तिच्या स्वतःच्या गोळ्यांचा डबा सात वारांच्या सात कप्प्यांचा आहे, त्यामुळे तिचं मत तज्ज्ञाचं.

"कुत्र्याला कसली रे चिंता? ईएमआय आहे का त्याला?"

मी तिला शेजाऱ्याचा विनोद सांगितला. तो तिला समजेना, कारण लिबरल म्हणजे काय इथपासून सुरुवात होती. उदारमतवादी म्हटलं तर म्हणाली, मग चांगलंच की. पुरोगामी म्हटलं तर तिने फोनवर आमच्या नातेवाइकांचा ग्रुप उघडून दाखवला. तिथे त्या शब्दाचं केव्हाच "फुरोगामी" झालेलं आहे आणि ते कुणाला चिकटवायचं हे काकांनी ठरवलेलं आहे. शेवटी म्हटलं, "अगं, शाळेत होतं ना, मवाळ आणि जहाल. हे मवाळ."

"गोखल्यांचे?"

"हो, साधारण."

"मग तो बिचारा मवाळ कुत्रा आहे, असं म्हण की." आणि ती एकदम खूश झाली. सुरतेला 1907 साली काँग्रेसमध्ये जोडा कसा भिरकावला गेला हे तिने मला पुन्हा ऐकवलं. तिच्या आजोबांनी सांगितलं होतं म्हणे. ते तिथे नव्हते, पण सांगायचे असे की जोडा त्यांचाच असावा. चिवडा तेवढा वेळ तिच्या पायावर हनुवटी टेकून होता.

गंमत म्हणजे जन्माने चिवडा पक्का रिपब्लिकन, म्हणजे ट्रम्पच्याच पक्षाचा. दक्षिणेकडच्या राज्यांतली शेल्टरं भरून वाहतात, म्हणून तिथली कुत्री गाड्या भरभरून इकडे ईशान्येत आणतात. चिवडा तसा अलाबामातून आला, व्हॅनमध्ये पिंजऱ्यावर पिंजरे रचलेल्या प्रवासात. अलाबामाने 1980 पासून एकदाही डेमोक्रॅट उमेदवाराला अध्यक्षपदासाठी कौल दिलेला नाही. हे मी शेजाऱ्याला मुद्दाम ऐकवलं. त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "आला तेव्हा धडधाकट असेल. तुम्ही बिघडवलात."

आला तेव्हाच तो असा होता. कुकरची पहिली शिट्टी झाली की बाथरूमच्या टबात. आकाश गडगडलं की टबात, आणि अंगाची अशी थरथर की टबाला हात लावला तर हाताला कळावी. लाळ गळायची, धाप लागायची. पहिल्या चार जुलैला, म्हणजे इथल्या स्वातंत्र्यदिनाच्या फटाक्यांत, त्याने दाराची चौकट नखांनी सोलून काढली. डिपॉझिटमधून कापले गेले तेव्हा तिची किंमत कळली. मग जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी ट्रॅझोडोन लिहून दिलं. हे औषध मुळात माणसांच्या नैराश्यावरचं, 1981 सालापासूनचं. कुत्र्यांसाठी त्याला वेगळी मंजुरी नाही, पण माणसांचं औषध विचारपूर्वक जनावराला देण्याची मुभा इथल्या कायद्याने पशुवैद्यांना 1994 साली दिली. फटाक्यांच्या तास-दीड तास आधी द्यायचं. रोज एकटं राहायची धास्ती घेणाऱ्या कुत्र्यांसाठी वेगळी औषधं आहेत. क्लोमिप्रामिनला 1998 साली मंजुरी मिळाली. 2007 साली फ्लुओक्सेटिन आलं, म्हणजे माणसांचं प्रोझॅकच, फक्त चघळायच्या गोळीत. आवाजाला घाबरणाऱ्यांसाठी हिरडीवर लावायची जेलही 2016 साली आली. बाईंनी दोनदा बजावलं ते एकच: माणसांच्या औषधाचं पातळ रूप कधी परस्पर देऊ नका, काहींत गोडीसाठी झायलिटॉल असतं आणि ते कुत्र्याला विष.

मी हे आईला सांगत होतो आणि सांगता सांगता मला आमचा मोती आठवला.

वाईच्या वाड्यात मोती होता. जातीने काहीच नाही, रंगाने मळका पांढरा. वसुबारसेपासून तो धान्याच्या कणगीमागे जाऊन बसायचा तो भाऊबीज झाली की बाहेर. "त्याला थंडी वाजते," असं आम्ही म्हणायचो, कारण तो कापायचा आणि दिवाळीत थंडी असतेच. मी आणि चुलतभाऊ कणगीजवळच्या खिडकीत लक्ष्मी बॉम्ब लावायचो. मुद्दाम. मोती पाय घसरत दुसऱ्या खोलीत पळायचा आणि आम्ही हसून हसून लोळायचो. आजी ओरडायची, पण ती खिडकीच्या काचेसाठी. एका दिवाळीत मोती निघून गेला. पाडव्याला गेला असं आम्ही म्हणतो, पण नेमकं कधी हे कुणी पाहिलेलंच नव्हतं.

आईलाही तोच आठवला असावा. बाटली टेबलावर ठेवत ती म्हणाली, "त्याला काय व्हायचं, हे आपल्याला कळतच नव्हतं."

मला थोडं कळत होतं. म्हणून तर खिडकी निवडली होती.

कुत्र्याची भीती हे श्रीमंतांचं फॅड, असं म्हणणाऱ्यांसाठी माझ्याकडे रशियन शास्त्रज्ञ पावलोवची कुत्री आहेत. घंटा ऐकून लाळ गाळणारी म्हणून जगाला माहीत असलेली. 1924 च्या सप्टेंबरात लेनिनग्राडला पूर आला आणि पिंजऱ्यांत पाणी शिरलं. नोकरांनी कुत्री कशीबशी वाचवली, पण त्यांतली काही शिकलेलं सारं विसरली. पुढे दाराखालून पाण्याचा ओघळ सोडला तरी गडबडून जायची. ते गाव बोल्शेविकांचं, म्हणजे रशियन कम्युनिस्टांचं. तिथे त्या वेळी लिबरल औषधालाही सापडला नसता.

आणि फटाक्यांनाही पक्ष नाही. फिलाडेल्फियाने स्वातंत्र्याचा पहिला वाढदिवस 1777 साली आतषबाजीनेच साजरा केला, पण याच राज्यात अलीकडेपर्यंत साध्या माणसाला फुलबाज्यांपलीकडे फारसं काही उडवता येत नव्हतं. 2017 साली कायदा सैल झाला आणि रॉकेटं, सुतळी बॉम्बची गोरी भावंडं, सगळं अंगणात आलं. विधिमंडळ रिपब्लिकनांचं, सही डेमोक्रॅट गव्हर्नरची. इतर कशावर या दोघांचं जमल्याचं मी ऐकलेलं नाही.

तीन जुलैच्या संध्याकाळी शेजारी कुंपणापाशी आला. गॅरेजमध्ये खोक्यांची चळत लागलेली मी पाहिली होती. वाटलं, आता आणखी एक विनोद.

"गोळी किती वाजता देणार उद्या?"

"आठला."

"लागू पडायला?"

"तास-दीड तास."

त्याने घड्याळाकडे पाहिलं, जणू उद्याचं आजच सुरू होणार होतं. "मग मी साडेनऊला सुरू करतो. त्याआधी तशीही मजा नाही, उजेड असतो." चार पावलं गेला आणि वळला. "तुला स्वतःला लागली तर सांग, दहा करतो."

दुसऱ्या दिवशी आठला मी गोळी चीजमध्ये दाबून दिली. चिवड्याने चीज खाल्लं आणि गोळी फरशीवर ठेवली, अगदी स्वच्छ. पीनट बटर झालं. गोळी पुन्हा फरशीवर, आता जरा विरघळलेली. आई बघत होती. तिने मला बाजूला सारलं, गरम पोळीच्या तुकड्याला तूप लावलं, चिमूटभर गूळ घातला, लहानपणी माझ्या जंताच्या गोळीसाठी वळायची तसा लाडू वळला आणि आधी दोन रिकामे लाडू देऊन तिसऱ्यात गोळी दिली. गेली.

साडेनऊला पहिलं रॉकेट गेलं. चिवडा टबात होता, पण उभा नव्हता, बसला होता. आई टबाच्या कडेला स्टूल टाकून बसली, एक हात त्याच्या मानेवर, आणि रामरक्षा म्हणू लागली. मोठ्याने, बाहेरच्या धडधडीच्या वर. तिसऱ्यांदा म्हणून होईपर्यंत चिवड्याने मान तिच्या गुडघ्यावर टाकली होती आणि घोरत होता.

सकाळी शेजारी कचऱ्याची पेटी ओढत नेताना थांबला. "मवाळ कसा आहे?" हा शब्द त्याला आईने शिकवला होता, तो "मावाल" म्हणतो.

मी म्हटलं, "झोपला शांत. गोळी लागू पडली."

आई दारात कॉफी घेऊन उभी होती. तिने मला मराठीतच बजावलं, "गोळीने की रामरक्षेने, हे त्याला सांगू नकोस. आणि हे बघ, माझ्या औषधाला जन्मतारीख विचारत नाहीत."