चेरोकीच्या पोटाखाली घरी बनवलेली सबफ्रेम: माझा अनुभव

जीप म्हटलं की आपल्याकडे महिंद्राची गाडी डोळ्यांपुढे येते. खाली जाड लोखंडी चॅसी, वर बोल्टांनी कसलेली बॉडी. मी इथे कोलोरॅडोत घेतलेल्या १९९९ च्या जीप चेरोकीला मात्र वेगळी चॅसी नाहीच. हे मॉडेल १९८४ ते २००१ पर्यंत निघालं. त्यात फ्लोअरच्या पत्र्याखाली यू आकारात वाकवलेले दोन लांब रेल स्पॉट वेल्डने जोडलेले असतात. रेल आणि फ्लोअर मिळून बंद डबा होतो आणि तोच चॅसीचं काम करतो. त्यामुळे पुढेमागे सॉलिड अ‍ॅक्सल (दोन्ही बाजूंची चाकं जोडणारा एकसंध आडवा दांडा) आणि चार लिटरचं सहा सिलिंडर इंजिन असूनही गाडी हलकी राहिली. मला ही रचना मनापासून आवडते.

पण कारखान्याने तिचा हिशेब २८ इंचांच्या आसपासच्या टायरवर मांडला होता. आधीच्या मालकाने ३३ चे टायर चढवून ती युटामधल्या मोआबच्या खडकांवर भरपूर चालवलेली. स्टिअरिंग बॉक्स डाव्या रेलला बोल्ट केलेला असतो. मोठ्या टायरचा सगळा झटका तिथे बसतो. वायर ब्रशने माती आणि अंडरकोट (गाडीच्या खालच्या पत्र्यावरचा गंजरोधक थर) काढल्यावर बोल्टाच्या भोकापासून निघालेली बारीक भेग दिसली. बायकोला जागच्या जागी स्टिअरिंग फिरवायला सांगितलं आणि मी टॉर्च घेऊन खाली आडवा झालो. आधी रेलचा पत्रा हलत होता, मग टायर वळत होता. शिवाय एक चाक दगडावर चढलं की मागचं दार नीट लागायचं नाही.

रेलवर चढवायच्या तयार पट्ट्या बाजारात मिळतात. मला मात्र रेल, आडवे मेंबर आणि दारांखालचे स्लायडर (खडकाचा मार झेलणारे मजबूत पाइप) हे सगळं एकाच सांगाड्यात, म्हणजे सबफ्रेममध्ये, हवं होतं. पुठ्ठ्याचे साचे कापले आणि त्यावरून १/८ इंची पत्रा एका शीट मेटलच्या दुकानातून प्रेसवर वाकवून घेतला. त्याहून जाड घ्यायचा मोह होता. कोल्हापूरला उद्यमनगरात आयुष्यभर फॅब्रिकेशन केलेल्या मामांना व्हिडिओ कॉलवर खालून गाडी दाखवली. ते म्हणाले, "अरे, गाडीचा पत्रा केवढा, तू लावतोयस केवढा! जाड घेतलास तर वेल्ड जाड पट्टीला धरंल आणि पातळ पत्रा शेजारनं फाटंल." ते ऐकलं आणि १/८ वरच थांबलो.

वेल्डिंगपेक्षा तयारीलाच जास्त वेळ गेला. सीट, कार्पेट, आतलं रबर सगळं बाहेर काढलं, कारण फ्लोअरवरचं सीलर आणि खालचा अंडरकोट दोन्ही पेट घेतात. पेट्रोलची टाकी उतरवली. डाव्या रेलच्या कडेने जाणाऱ्या पेट्रोलच्या आणि ब्रेकच्या नळ्या सोडवून दूर बांधल्या. बॅटरी काढून ठेवली. आत एक माणूस अग्निशामक घेऊन बसल्याशिवाय ठिणगी पाडायची नाही, हा नियम शेवटपर्यंत पाळला. गाडी बॉडीवर टेकवून उचलली नाही. सपाट जमिनीवर अ‍ॅक्सलखाली स्टँड लावून ठेवली. अशी मोनोकॉक (वेगळी चॅसी नसलेली) बॉडी पिळलेल्या अवस्थेत वेल्ड केली तर तो पीळ कायमचा बसतो. म्हणून आधी कर्ण मोजून लिहून ठेवले आणि प्रत्येक टप्प्यानंतर चारही दारं उघडून लावून बघितली.

भेगेच्या टोकाला छोटं भोक पाडलं म्हणजे ती पुढे पळत नाही. मग ग्राइंडरने व्ही करून ती भरली आणि त्यावरून पट्टी चढवली. पट्टीत अर्ध्या इंचाची भोकं पाडून ती वेल्डने भरली (प्लग वेल्ड), आणि कडेला एकेक इंचाचे टाके. एक टाका पुढे, दुसरा मागे, तिसरा पलीकडच्या रेलवर, म्हणजे उष्णता एका जागी साठत नाही. मिग वेल्डिंगचा आर्क (ठिणगीची ज्योत) जाड पट्टीवर धरायचा आणि वितळलेला धातू पातळ पत्र्यावर नुसता ओढून आणायचा. उलट केलं की भोक पडतं.

पट्टीची टोकं हा माझ्या मते या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग. जाड पट्टी सरळ आडवी कापून संपवली की सगळा ताण त्या रेषेवर येतो आणि पुढची भेग तिथेच पडते. म्हणून प्रत्येक टोक लांब निमुळतं कापलं. बाजूची आणि तळाची पट्टी वेगवेगळ्या जागी संपवली. टोकाच्या अगदी पुढे आडवा टाका कुठेच घेतला नाही. दोन बाय तीन इंची बॉक्स पाइपचे आडवे मेंबर दोन्ही रेलना बांधतात. गिअरबॉक्सखालचा मेंबर बोल्टवरच ठेवलाय, नाहीतर गिअरबॉक्स उतरवताना सगळं कापावं लागलं असतं. स्लायडरचे पाय थेट रेलवरच्या पट्टीपर्यंत नेले, त्यामुळे खडकाचा मार दारांखालच्या पत्र्यावर येत नाही.

गंजाचं काम अजिबात उरकून टाकू नये. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ आणि रसायनं टाकतात आणि दोन पत्र्यांमधल्या फटीत पाणी साठतं. आतल्या बाजूला वेल्डिंगचा झिंक प्रायमर लावला, टाक्यांमधली कड सीलरने बंद केली आणि रेलच्या पोकळीत लांब नळीने मेण फवारलं.

वजन वाढलं आहे, ते चढावर जाणवतं. पण आता स्टिअरिंग फिरवलं की टायर लगेच वळतो, आणि एक चाक हवेत असताना मागचं दार एका हाताने लागतं. मागच्या पाट्यांचं (लीफ स्प्रिंगचं) पुढचं टोक धरणाऱ्या हँगरपासून मागचं टोक धरणाऱ्या शॅकलपर्यंतचा रेलचा तुकडा अजून करायचा आहे. कोणी हे काम काढणार असेल तर खालून काळा अंडरकोट मारू नका, फिकट राखाडी रंग द्या. त्यावर भेग पडली की गंजाची तांबडी रेघ टॉर्चच्या उजेडात लगेच दिसते, आणि पट्ट्यांची टोकं प्रत्येक ट्रेलनंतर बघायचीच असतात.