आत्या, डायना आणि चुरगळलेलं टॅफेटा

लंडनला गेले होते ते आत्याकडे, वेम्बलीला, दिवाळीच्या फराळावर ताव मारायला. बाकीची सुट्टी खाण्यात आणि लोळण्यात गेली, त्यामुळे तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. केन्सिंग्टन पॅलेसच्या त्या दुपारीचं मात्र लिहायलाच हवं.

२०२१ साल होतं. सगळ्यांच्या तोंडाला मास्क, तिकिटं वेळ ठरवून आधीच काढलेली. पॅलेसच्या ऑरेंजरी नावाच्या इमारतीत राजघराण्याच्या पोशाखांचं प्रदर्शन होतं आणि त्यात डायनाचा लग्नाचा गाऊन होता, विल्यम आणि हॅरीने दिलेला. मागचा पंचवीस फुटांचा घोळ पूर्ण पसरून ठेवलेला. लोक मात्र गाऊनकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत होते. माझं डोकंच फिरलं.

आत्याची हयात ब्लाउज शिवण्यात गेली. ती थेट चोळीपाशी थांबली. पिवळसर पडलेली ती लेस आयर्लंडच्या कॅरिकमॅक्रॉसची, एकेकाळी नवरदेवाच्या पणजीची, क्वीन मेरीची. तिच्याभोवती बारीक टिकल्या आणि मोती. गाऊनभर सुमारे दहा हजार. कमरेला आतून निळी बो आणि शकुन म्हणून सोन्याची इवलीशी घोड्याची नाल शिवलेली, असं मी वाचलं होतं, ते तिला सांगितलं.

"नाल कसली? काजळाचा तीट लावायचा," आत्या म्हणाली. "आणि ही कंबर बघ गं. पोरगी जेवत होती की नाही?"

साखरपुड्यानंतर ती इतकी बारीक होत गेली की गाऊन बनवणाऱ्या इमॅन्युएल नवरा-बायकोला चोळी पुन्हापुन्हा आत घ्यावी लागली. विसाव्या वर्षी, अख्खं जग बघत असताना! कमरेचा तो घेर डोळ्यासमोर आला की अजून पोटात कालवतं. मोत्यांचं मला फारसं काही वाटलं नाही.

आत्याचं लक्ष तोवर घोळाकडे गेलेलं. "एवढं कापड बग्गीत कोंबलं कसं?"

कोंबलंच होतं. लग्नाच्या दिवशी, २९ जुलै १९८१ ला, काचेच्या बग्गीत शेजारी अंगाने भरदार वडील बसलेले. सेंट पॉल्सच्या पायऱ्यांवर ती उतरली तेव्हा हस्तिदंती रेशमी टॅफेटा पार चुरगळलेलं, आणि दोघं डिझायनर दारात उभे राहून ओढून-ताणून घोळ सारखा करत होते.

"टॅफेटाला चुण्या पडणारच. बग्गीचं माप आधी घ्यायला नको?" आत्याने निकाल देऊन टाकला. मला तो पटला, पण फुगलेल्या बाह्यांवरून आमचं वाजलं. मला त्या आवडल्या. ऐंशीच्या दशकात सगळंच फुगीर होतं, मग नवरीनेच का काटकसर करावी? आत्याच्या मते बाह्यांच्या पसाऱ्यात पोरगी हरवली.

बाहेर पडून चहा प्यायलो. महाग आणि पांचट.

परतताना बेकर स्ट्रीटला गाडी बदलेपर्यंत आत्या माझ्या फोनवर डायनाच्या जावेचा, सारा फर्ग्युसनचा, १९८६ चा लग्नाचा गाऊन न्याहाळत होती. सॅटिनचा, सतरा फुटी घोळाचा, भरतकामात मधमाश्या, जहाजाचे नांगर आणि नवराबायकोच्या नावांची आद्याक्षरं.

"हा अंगाबरोबर बसलाय," ती म्हणाली. मग वेम्बली पार्क येईपर्यंत मापं कशी घ्यावीत यावर बौद्धिक ऐकलं.