दीक्षा सोडल्यानंतर आधी कागद लागले

आमचं घर नगर जिल्ह्यातलं, मारवाडी स्थानकवासी, म्हणजे मूर्तिपूजा न करणाऱ्या पंथाचे जैन. साध्वी होण्याची दीक्षा घेतली तेव्हा मी सातवी पास झाले होते. आठवीची पुस्तकं घरात येऊन पडली होती, ती धाकट्या भावाने वापरली. मी परतले ती विशी उलटून बरीच वर्षं झाल्यावर.

का सोडलं, हे पहिल्यांदा सगळे तेच विचारतात. माझा कोणी छळ केला नाही. गुरुणींनी आईसारखी माया केली, आजारपणात रात्र रात्र उशाशी बसल्या. पण लहानपणी घेतलेलं व्रत मोठेपणी माझ्या मनात उरलं नव्हतं. आत वैराग्य नसताना लोकांच्या वंदना घ्यायच्या, हे मला सहन होईना. चातुर्मास संपल्यावर मी तसं स्पष्ट सांगितलं. त्या खूप रडल्या, पण मला अडवलं नाही. नातेवाईकांनी मात्र पप्पांना बरंच ऐकवलं. भावाचं लग्न जमवताना तो विषय निघालाच.

घरी आल्यावर सर्वांत अवघड गेलं ते गॅस पेटवणं. अग्नीत जीव आहेत, पाण्यात जीव आहेत, हे इतकी वर्षं रोज मनात ठसवलेलं. लायटर हातात घेऊन मी ओट्यापाशी उभी राहायचे आणि अंगाला घाम फुटायचा. भाभीने कधी घाई केली नाही. ती म्हणायची, ‘‘दीदी, तुम्ही कणीक मळा, गॅस मी बघते.’’ अनवाणी विहार करून पाय इतके रुंद झाले होते की बायकांची एकही चप्पल धड बसेना. केशलोच, म्हणजे हाताने केस उपटणं, थांबला तरी केस खांद्यापर्यंत यायला वेळ लागला, तोवर बाहेर पडताना डोक्यावरचा पदर सोडला नाही. भाच्याने पळत येऊन मांडीत उडी मारली तेव्हा मी दचकून मागे सरकले होते, कारण साध्वीला पुरुषाचा स्पर्श चालत नाही, मग तो तीन वर्षांचा का असेना. त्या दिवशी त्याला पुन्हा जवळ ओढून घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

मग काहीतरी काम करायचं ठरवलं आणि कळलं की कागदावर मी कुठेच नाही. रेशनकार्डावरून नाव कमी केलेलं. आधार नाही, बँकेत खातं नाही. साध्वीपणात कशाचीच गरज पडली नव्हती. 2021 साली ओळखपत्र नसलेल्या साधुसंतांना कोविडची लस देण्याची केंद्र सरकारने वेगळी सोय केली होती, मलाही ती तशीच मिळाली. संसारात मात्र प्रत्येक खिडकीवर आधी कार्ड मागतात. त्यातून अठरा वर्षांवरच्या माणसाचं आधार पहिल्यांदा काढायचं तर राज्य सरकारकडून पडताळणी होते, आणि त्यात महिने जातात.

सुरुवात शाळेपासून करावी, हा सल्ला ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिकेने दिला आणि तो अगदी योग्य ठरला. माझा दाखला कोणी काढलाच नव्हता. क्लार्कबाईंनी जुनं जनरल रजिस्टर काढलं, पानं जपून उलटली आणि बोट ठेवलं. माझं जन्मनाव, पप्पांचं नाव, जन्मतारीख आणि शेवटच्या रकान्यात ‘दीर्घ गैरहजेरीमुळे नाव कमी केले’. कितीतरी वर्षं मला त्या नावाने कोणी हाक मारली नव्हती. बाईंनी काही न विचारता खुर्ची पुढे केली.

त्या दाखल्यामुळे जन्मतारखेचा पुरावा मिळाला आणि पुढचे कागद हलायला लागले. दहावीसाठी मी बोर्डाचा 17 नंबरचा फॉर्म भरला. ज्यांची शाळा सुटली आहे त्यांना खासगी विद्यार्थी म्हणून बसता येतं. किमान पाचवी पास आणि वयाची 14 वर्षं पूर्ण लागतात. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि कागद संपर्क केंद्र म्हणून मिळालेल्या शाळेत द्यायचे. मूळ दाखला नसेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र चालतं. भाषा मला जड गेल्या नाहीत, जैन ग्रंथांच्या अर्धमागधी भाषेतली सूत्रं पाठ करून जीभ आणि स्मरणशक्ती दोन्ही तयार होती. बीजगणिताने मात्र रडवलं. रात्री प्रतिक्रमण, म्हणजे झालेल्या चुकांची क्षमा मागण्याचा रोजचा पाठ, आटोपला की भाऊ मला शिकवायचा. हो, प्रतिक्रमण मी अजून करते. वेश सोडला, धर्म सोडलेला नाही, आणि या दोन गोष्टी लोकांनी एक धरल्या की मला फार वाईट वाटतं.

आता दहावी झाली आहे, एका दुकानात हिशेब लिहिते, पगार माझ्या खात्यात येतो.

सयाजीराव महाराजांच्या बडोदा संस्थानात अल्पवयीन मुलांच्या संन्यासदीक्षेला आळा घालणारा कायदा 1933 साली झाला होता. मला कोणाच्या श्रद्धेवर बोट ठेवायचं नाही. पण मुलीला दीक्षेची परवानगी देणाऱ्या आईवडिलांना हात जोडून सांगते, आधी तिची दहावी होऊ द्या. शाळेचा दाखला काढून घरात जपून ठेवा, रेशनकार्डावरचं नाव राहू द्या, आधार काढून ठेवा. आणि ती परत आलीच तर दार तुम्हीच उघडा, जसं माझ्या पप्पांनी उघडलं.