रॉकेटचे कागद

मी काय करतो असं कुणी विचारलं, की आई सांगते, "तो रॉकेटचे कागद करतो." माझ्या उचापतींचं याहून नेमकं वर्णन मला अजून सुचलेलं नाही. आधी इंजिनिअर होतो, मग नोकरी सांभाळून कायदा शिकलो, काही वर्षं करारांचे मसुदे घासले आणि आता उपग्रह पाठवणाऱ्या एका खाजगी कंपनीत आहे. काका याला 'एक ना धड भाराभर चिंध्या' म्हणतात. मी वाद घालत नाही. फुकटात वाद घालायची सवय वकिलीने मोडली.

इंजिनिअर असताना माझ्याकडे कंपनाच्या चाचण्या होत्या. उपग्रहाचा सांगाडा टेबलावर आवळून गदागदा हलवायचा आणि मग बॅटरी घेऊन एकेका बोल्टाच्या डोक्यावरची रंगाची रेघ पाहायची. बोल्ट आवळून झाला, की त्याच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यावर एक सलग रेघ ओढलेली असते. ती तुटलेली दिसली, की बोल्ट फिरला. बाकी कुणाला काही विचारायला नको.

करारात अशी रेघ ओढायची म्हणजे व्याख्या लिहायची. आता रॉकेट 'उडालं' हे कधीपासून धरायचं? इंजिनिअर म्हणेल, तळ सुटला तेव्हा. करारात मात्र बहुधा 'हेतुपुरस्सर प्रज्वलन' असं लिहितात, म्हणजे उडवायच्या इराद्याने इंजिन पेटवलं तो क्षण. त्याच्या आधी एक विमा, नंतर दुसरा. हा शब्दच्छल वाटतो खरा. पण १ सप्टेंबर २०१६ रोजी अमेरिकेत केप कॅनाव्हेरलला फाल्कन ९ रॉकेटमध्ये इंधन भरताना स्फोट झाला आणि वर बसवलेला आमोस-६ उपग्रह जळाला. उड्डाणाला दोन दिवस होते, त्या दिवशी नुसती इंजिनाची चाचणी व्हायची होती. त्यामुळे उड्डाणाचा विमा लागूच झाला नव्हता. उपग्रहाला संरक्षण होतं ते सागरी मालाच्या पॉलिसीचं. जमिनीवर, रॉकेटच्या टोकाला जळालेली वस्तू कागदोपत्री जहाजावरचा माल! हे वाचलं तेव्हा मला आपण योग्य धंद्यात आलोय याची खात्री पटली.

आकाशातून काही खाली पडलं, तर मात्र कधीपासून नि कुणाची चूक हे प्रश्नच उरत नाहीत. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जमिनीवरच्या नुकसानीला प्रक्षेपण करणारा देश बांधील, चूक असो वा नसो. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टीवाला उपग्रह कॉसमॉस ९५४ कॅनडात कोसळला. १९८१ मध्ये ३० लाख कॅनेडियन डॉलरवर तडजोड झाली. आमच्यासारख्या खाजगी कंपनीचा स्क्रू कुणाच्या छपरावर पडला, तरी दुसऱ्या देशाला जाब द्यायचा तो सरकारनेच. परवान्याच्या अर्जात इतके खोचक प्रश्न असतात ते त्यामुळे. पूर्वी मी त्या अर्जांवर चिडायचो. आता अर्जात न विचारलेले प्रश्नही मला दिसतात, हा एक रोगच म्हणायचा.

परवा एक नवी इंजिनिअर मसुदा घेऊन आली. "सर, इंजिन पेटलं आणि संगणकाने लगेच स्वतःहून बंद केलं, रॉकेट जागचं हललंच नाही, तर हे उड्डाण झालं का?"

माझ्या तोंडून आधी निघालं, "किती सेकंदांत बंद केलं?" आणि त्याच दमात, "ते लिहिलंय कुठे?"

"कुठेच नाही," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.