जानापावचं गवत आणि माझं तीन वर्षांचं ‘मारवेल’

इंदूरच्या राजेंद्रनगरातून साडेसहाला निघायचं ठरलं होतं. निघालो पावणेआठला, कारण पोहे-जलेबी झाल्याशिवाय काका गाडीत बसत नाहीत. काका आमच्या शेजारचे, आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. उशीर पथ्यावरच पडला. दवात भिजलेलं गवत ओळखणं म्हणजे डोकेदुखी, बारीक केस सगळे चिकटून बसलेले असतात. नऊच्या आधी डोंगरावर पोचून काही उपयोग नाही.

जानापाव इंदूरहून साधारण ४५ किलोमीटर. महू मागे टाकून मुंबई रस्त्यानं जायचं, मानपूरच्या अलीकडे फाटा लागतो. गाडी थेट वरपर्यंत जाते. परशुरामाचं जन्मस्थान म्हणून लोक येतात, चंबळही इथलीच. कार्तिक पौर्णिमेला जत्रा असते, त्या दिवशी गवत बघायला जाऊ नका. पायाखाली तुडवलेलंच दिसेल. आम्ही गेलो ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात. सप्टेंबरअखेर ते दिवाळी हाच काळ चांगला, तुरे असतात आणि दाणे गळालेले नसतात.

गवताचे अभ्यासक दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ साली देशातल्या गवताळ भागांचे पाच प्रकार पाडले, त्यातला सेहिमा-डायकॅन्थियम हा आपल्या माळव्या-दख्खनचा. त्यातलं डायकॅन्थियम म्हणजे मारवेल. गुरांचं आवडतं, बारमाही, काळ्या मातीत खूष. माझ्या फायलीत तीन वर्षांपासून ‘मारवेल’ लिहिलेले, वाळवलेल्या गवताचे नमुने चिकटवलेले अकरा कागद होते. ते मी अभिमानानं सोबत नेले होते. काकांनी वाहनतळाशेजारीच भिंग लावलं आणि म्हणाले, “अगं, यातलं निम्मं मारवेल नाहीच.”

चूक कुठे झाली ते सांगते, म्हणजे तुमची होणार नाही. मी गाठी बघत होते. मारवेलच्या पेराच्या गाठीवर पांढऱ्या केसांचं कडं असतं, हे खरं. पण त्याचं भावंड, बोथ्रिओक्लोआ पर्टुसा, त्याच्याही गाठीवर केस असतात. दोघांचे तुरे हाताच्या बोटांसारखे फुटलेले, दोघांचा रंग जांभळट. लांबून कोणी सांगूच शकत नाही, आणि फोनवरचं ओळखणारं अॅप तर मुळीच नाही. त्यानं एकाच झुडपाला सकाळी एक नाव दिलं, दुपारी दुसरं.

खरी खूण तुऱ्याच्या आत आहे. एक बोट तोडायचं, दाण्यांच्या जोड्या हलकेच सोडवायच्या आणि मधली काडी उन्हाकडे धरून दहापट भिंगातून बघायची. बोथ्रिओक्लोआच्या काडीत मधोमध एक अर्धपारदर्शक चीर दिसते, तेल लागलेल्या कागदासारखी. मारवेलची काडी भरीव. दुसरी खूण, दाण्याच्या खालच्या टरफलावर टाचणीनं टोचल्यासारखा एक खळगा. पर्टुसा नाव त्यावरूनच पडलं, भोक पडलेलं या अर्थी. मी आता त्याला ‘खड्डेवालं’च म्हणते, इंदूरच्या रस्त्यांवर वाढलेल्या माणसाला लक्षात ठेवायला सोपं. तिसरी खूण, मारवेलच्या प्रत्येक बोटाच्या अगदी बुडाशी एक-दोन जोड्या बिनकुसळाच्या असतात, खड्डेवाल्यात तशा नसतात.

उतारावर कुसळी नावाचं गवत आहे, भरपूर. कुसळ-मुसळाची म्हण आपण सगळेच वापरतो, पण खरं कुसळ मोज्यातून घुसेपर्यंत त्याची ताकद कळत नाही. ओल लागली की ते पीळ सोडतं, सुकलं की पुन्हा पीळ घेतं, आणि असंच फिरत फिरत बी जमिनीत रुतवतं. लोकरी मोजे घालू नका. मी घातले होते. परतीचा अर्धा रस्ता ते वेचण्यात गेला.

पण दिवस वसूल केला तो रोशानं. गवती चहाचा हा सख्खा नातलग. घरच्या गवती चहाचं पान बुडाशी निमुळतं आणि त्याला तुरा क्वचितच येतो. रोशाचं पान बुडाशी रुंद, हृदयाच्या आकाराचं, दांड्याला मिठी मारून बसलेलं, वर निळसर झाक. पिकला की तुरा तांबूस होतो. शेळ्या घेऊन आलेला एक म्हातारा म्हणाला, “ये रोसा है, इसको ढोर नी खाते.” याचं तेल खाली निमाडात काढत. तिथून ते मुंबईमार्गे इस्तंबूलला जाई आणि गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जाई.

रोशाचे दोन वाण, मोतिया आणि सोफिया. दिसायला सारखे, भिंग इथे हात टेकतं, फरक वासात. मोतिया उघड्या, कोरड्या उतारावर. सोफिया ओलसर सावलीत. आम्ही वरून एक जुडी घेतली, नाल्यातून एक. काकांनी दोन्ही चुरगाळून वास घेतला, पण सर्दीमुळे त्यांना काहीच कळेना.

नमुना घ्यायचा तर बुडासकट, वर्तमानपत्रात. प्लास्टिकच्या पिशवीत काळा पडतो. बुडाशी गेल्या वर्षीचे वाळके खुंट दिसले तर बारमाही. हंगामी असेल तर झटक्यात मुळासकट उपटून येतं. फोटो काढताना गाठ, पानाचं बूड आणि तळहातावर एक सुटा दाणा, एवढं तरी हवंच. आणि रालामंडलला जाल तर नुसतं बघा. ते अभयारण्य आहे, काडीही तोडायची नाही.

घरी आल्यावर दोन्ही जुड्या आईपुढे ठेवल्या, काही न सांगता. तिनं एक उचलून कपाटात साड्यांमध्ये सरकवली. दुसरीचा वास घेऊन म्हणाली, “ही सुंठीसारखी लागतेय, ओट्यावर ठेव.”