शेतातलं लग्न: आधी जमीन बघा, मग फुलं

शेतात लग्न करायचं ठरलं की घरात पहिली चर्चा सुरू होते ती फुलांची, दिव्यांच्या माळांची आणि फोटोंची. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात ही हौस भागवायला लागणारं बहुतेक सामान शिवारातच मिळतं. पण लग्न देखणं होतं की नाही हे ठरतं जमीन, सावली, पाणी आणि वारा यांवर. पैसे आधी तिथे घालावेत. उरले तर सजावटीला. आणि शेताला सजावट फार लागत नाही.

पहिला प्रश्न रान कधी मोकळं असतं हा. खानापूरकडे भात कापून झालं की डिसेंबरपासून बरीच शेतं रिकामी होतात. येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या काळ्या शिवारात मात्र भातामागोमाग मसूर, हरभरा, वाटाणा पेरतात. तिथे फेब्रुवारीत काढणी झाल्याशिवाय जागा मिळत नाही. चिकोडी, निपाणी, रायबागकडे ऊस तुटला म्हणून रान रिकामं झालं असं समजू नका. खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांतून येणारं पुढचं पीक, लगेच फुटायला लागतो, आणि तुटलेल्या उसाची धारदार बुडखं पायात घुसतात. त्या भागात घरामागचं परडं किंवा पडीक माळ बरा. कुठे जुनं खळं शिल्लक असेल तर त्याच्यासारखी जागा नाही. ते सपाट असतं, चोपून घट्ट झालेलं असतं, पाणी धरत नाही आणि शेणानं सारवलं की बोहल्याला वेगळा गालिचा लागत नाही.

माती हातात घेऊन बघा. तांबड्या मुरमाड जमिनीवर एखादी सर पडली तरी तासाभरात चालता येतं. काळ्या मातीत तशीच सर पडली तर मोटारी दुसऱ्या दिवशीपर्यंत निघत नाहीत, ट्रॅक्टर लावून ओढाव्या लागतात. म्हणून एप्रिल-मेचं लग्न काळ्या रानात धरायचं असेल तर निदान गाड्यांची जागा आणि तिथवरचा रस्ता मुरूम टाकून, रोलर फिरवून घ्यायलाच हवा. भाताच्या रानात धसकटं राहतात; ती जमिनीलगत कापा. चार दिवस आधी हलकं पाणी मारा, वाफसा आला, म्हणजे माती चिकटेनाशी झाली पण ओल राहिली, की रोलर फिरवा. लग्नादिवशी मंडळी यायच्या दोन तास आधी पुन्हा पाणी शिंपडा. ऐन वेळी शिंपडलं तर चिखल होतो आणि साड्यांचे काठ खराब होतात.

पाचशे माणसांचा हिशेब धरू. खुर्चीवर बसणाऱ्याला येण्याजाण्याच्या वाटेसकट १० चौरस फूट लागतात, म्हणजे सुमारे ५ गुंठे. एका वेळी २०० पानांची पंगत बसवायची तर ३ गुंठे. स्वयंपाक, भांडी आणि पाण्याचा टँकर यांना २, बोहलं आणि वाजंत्र्यांना २. मोटारी एका गुंठ्यात चारच बसतात, कारण वळवायला जागा लागते. ६० मोटारींना १५ गुंठे. एकूण पाऊण एकराच्या आत सगळं बसतं. लोक चुकतात ते गाड्यांच्या जागेत. ती कमी पडली की गाड्या रस्त्यावर लागतात, आणि ऊसतोडीच्या हंगामात त्याच रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जात असतात. वाट दाखवणाऱ्या पाट्या मराठी आणि कानडी दोन्ही लिपींत लावा. पाहुण्यांबरोबर भाड्याच्या गाड्यांचे ड्रायव्हरही असतात, आणि फाट्यावर विचारायला दर वेळी माणूस सापडतोच असं नाही.

आता मांडव. वेळू ओला असला तर दोन-तीन दिवसांत वाळून आकसतो आणि काथ्याची गाठ सैल पडते. गाठ बांधताना कितीही घट्ट वाटली तरी आदल्या संध्याकाळी प्रत्येक जोड हातानं हलवून बघा आणि सैल वाटला तर पुन्हा आवळा. दहा-बारा फूट उंचीच्या खांबाला खड्डा दोन ते अडीच फूट हवा. तळात दगड, कडेनं मुरूम, आणि दर अर्ध्या फुटाला पहारीच्या बुडानं ठोकून. चार कोपऱ्यांना ताणदोर द्या, पण ते माणसांच्या वाटेत येऊ देऊ नका. येत असतील तर पांढरी चिंधी बांधा, अंधारात पाय अडकतो.

मार्च सरला की दुपारनंतर वळीव कधीही येतो. त्या वाऱ्यात सपाट ताणलेली ताडपत्री शिडासारखी फुगते आणि खांब उपटून काढते. वारा थांबला की पाऊस, आणि मग कापडाला पोट सुटतं. एक मीटर लांब-रुंद जागेत १० सेंटिमीटर पाणी साचलं तर त्याचं वजन १०० किलो होतं, तेही खाली बसलेल्यांच्या डोक्यावर. म्हणून छताला मधे उंची आणि दोन्हीकडे चांगला उतार पाहिजे. पाणी पंगतीकडे न जाता चरात पडेल असा तो काढावा. नुसत्या कापडी पट्ट्यांचं छत फोटोत फार छान दिसतं, पण ते डिसेंबर ते फेब्रुवारीतच. वळिवाच्या दिवसांत त्यावर विसंबू नये.

झाडाखाली लग्न ही कल्पना मनापासून आवडण्यासारखी आहे. वडाच्या किंवा आंब्याच्या सावलीला कुठल्याही मांडवाची सर नाही. मात्र वर नीट बघा. मोठ्या झाडावर आग्या मोहोळ असेल तर त्या झाडाचा विचार सोडून द्या. चुलीचा धूर आणि फटाके यांनी मधमाश्या उठतात आणि मग पळायला जागा नसते. मोहोळ आदल्या रात्री जाळून काढू असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. माश्या तिथेच घिरट्या घालत राहतात. जानेवारी-फेब्रुवारीत आंबा मोहरलेला असतो. मोहरावरच्या तुडतुड्यांचा चिकट गोडसर स्राव खाली पडतो आणि शालूवर डाग धरतो, म्हणून बोहल्यावर तरी कापड ताणा. दिवे टांगायला खोडात खिळे मारू नका, तागाच्या दोरीनं बांधा. विहीर उघडी असेल तर चारही बाजूंनी बांबूचा कठडा आणि रात्री तिथे वेगळा दिवा हवा. लहान मुलं आधी तिकडेच धावतात.

गोरज मुहूर्त शेतातल्या लग्नाला शोभतो, पण तो घड्याळ बघून पाळावा लागतो. या भागात फेब्रुवारीच्या मध्याला सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो, मेच्या मध्याला सातच्या थोडा आधी. त्यानंतर जेमतेम वीस मिनिटं चांगला उजेड असतो. वरात पाऊण तास लांबली की अक्षता अंधारात पडतात. अर्धा किलोमीटर वरातीला वाजंत्र्यांसकट तास लागतो, हे धरूनच निघण्याची वेळ ठरवा. बोहलं पश्चिमेला मांडलं तर पाहुण्यांच्या डोळ्यांवर ऊन येतं आणि फोटोत नवरा-नवरी काळी दिसतात. पूर्वेला मांडलं तर त्या दोघांचेच डोळे मिटतात. उत्तरेला किंवा दक्षिणेला मांडा; ऊन बाजूनं येतं आणि चेहऱ्यावर छान पडतं. अंतरपाट कुठल्या दिशेनं धरायचा ते भटजी सांगतीलच. ते आधी विचारून मग बोहलं आखा, उलट करू नका.

स्वयंपाकाची जागा वाऱ्यावर ठरते. हिवाळ्यात वारा पूर्वेकडचा, म्हणून चुली पश्चिमेला. एप्रिल-मेत संध्याकाळी पश्चिमेचा वारा जोरात असतो, तेव्हा चुली पूर्वेला. शेजारच्या शेतात ऊस तुटला असेल तर पाला कधी पेटवणार हे त्यांना आठवडाभर आधी विचारा. त्या धुरावर नंतर कुठलाही उपाय नाही.

जेवणात मांडे करायचे असतील तर सराईत हात हवेत आणि वाऱ्याला आडोसा हवा, नाहीतर पातळ मांडा नीट भाजत नाही. गव्हाची खीर, म्हणजे हुग्गी, मात्र शेतातल्या चुलीवर घरच्यापेक्षा सरस होते. शंभर पानांना कांडून कोंडा काढलेला खपली गहू ४ किलो, गूळ ४ ते ५ किलो, नारळ चार-पाच, सुंठ, वेलची, जायफळ आणि भाजलेली खसखस. गहू आदल्या रात्री भिजत घाला. सकाळी पुरेशा पाण्यात मंद आचेवर शिजवा. दाणा बोटांनी दाबला की पूर्ण चिरडला पाहिजे, मधे पांढरा कण राहता कामा नये. तोवर गूळ घालायचा नाही, कारण गूळ पडला की गहू पुढे मऊ होत नाही आणि खीर कितीही आटवली तरी दाताखाली कचकच राहते. गूळ पडल्यावर जाळ कमी करा आणि लांब दांड्याचा उलथणा तळापर्यंत फिरवत राहा, कारण आता ती पटकन खाली लागते. लागलीच तर खरवडू नका. वरची खीर दुसऱ्या भांड्यात ओता आणि करपलेला थर तसाच सोडा. नारळाचं दूध खाली उतरवल्यावर घाला, उकळीत घातलं तर फाटतं. खीर थंड होताना घट्ट होते, म्हणून उतरवताना थोडी पातळच ठेवा.

पंगतीच्या दोन ओळी समोरासमोर आणि मधे पाच फूट वाट, म्हणजे वाढपी एकमेकांना धक्का न देता जातात. पंचवीस पानांना तीन वाढपी. केळीचं पान वाऱ्यानं उडतं. वाढपी येण्याआधी मिठाची चिमूट पुरत नाही, पाण्यानं भरलेला पेला पानावर ठेवा. पिण्याचं पाणी माणशी दोन लिटर धरा, एप्रिल-मेत तीन. पाचशे माणसांना वीस लिटरचे ५० ते ७५ जार होतात. हात धुणं, भांडी आणि शौचालयं यांसाठी ५ हजार लिटरचा टँकर वेगळा. शौचालयं सहा तरी हवीत. ती वाऱ्याच्या खालच्या बाजूला, पण दिव्याच्या टप्प्यात ठेवा. बाईमाणसांना अंधारातून चालत जावं लागू नये.

शेतीपंपाच्या लाइनवर मांडवाचे दिवे लावू नका. ते नियमातही बसत नाही, आणि थ्री फेज ठरावीक तासच असते. हेस्कॉम या इथल्या वीज कंपनीकडून तात्पुरती जोडणी घ्या किंवा जनरेटर आणा. एलईडी दिवे, माइक आणि पाण्याची मोटार एवढ्याला १५ केव्हीए पुरतो. तो मांडवापासून लांब, बांधाच्या पलीकडे ठेवा. वायर जमिनीवर उघडी नको. सहा इंच खोल चर घेऊन पाइपातून न्या, अर्थिंग करा, गळती झाली की वीज तोडणारा स्विच बसवा. दिवे पिवळसर घ्या, पांढऱ्या उजेडावर कीटक जास्त येतात. पन्नास-साठ फुटांवर एक प्रखर पांढरा दिवा मुद्दाम लावून ठेवला की बरेचसे तिकडे जातात, जेवणात पडत नाहीत. मोकळ्या जागेत भिंती नसल्यामुळे आवाज पसरतो, मागच्या ओळींना मंगलाष्टका ऐकू येत नाहीत. म्हणून बोहल्याजवळ दोन अजस्र पेट्या लावण्यापेक्षा निम्म्या अंतरावर दोन लहान पेट्या जास्त उपयोगी पडतात. लाउडस्पीकरला पोलिसांची लेखी परवानगी लागते, आणि उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ तो बंदच ठेवावा लागतो. सनई आणि हलगीला वीज लागत नाही, आणि माळावर त्या जितक्या छान वाजतात तितक्या कार्यालयात वाजत नाहीत.

सजावट शेवटी, आणि थोडीच. खानापूरच्या कुंभारांकडची मडकी दोन इंच वाळू घालून वाटेच्या कडेनं ठेवली आणि त्यात पणत्या लावल्या तर वाऱ्यात टिकतात. उघड्या पणत्या पाच मिनिटांत विझतात. उसाची कमान करायची तर प्रत्येक बाजूला दहा-बारा ऊस, आणि सहा फुटांपर्यंतची पानं काढून टाका, त्यांच्या कडांनी हात-चेहरा चिरतो. झेंडूच्या माळेला मीटरमागे पाव किलोच्या वर फूल लागतं. एक मीटर ओवून वजन करा आणि मग मागणी द्या. हिवाळ्यात झेंडू रात्री बांधला तरी दवानं ताजा राहतो. त्याच दवानं कागदी सजावट लोंबते आणि खुर्च्या रात्री आठनंतर ओल्या होतात, जुने पंचे हाताशी ठेवा. मोगरा मार्चनंतर मुहूर्ताच्या दोन तास आधीच बाहेर काढा. पेंढ्याच्या गाठोड्यांवर पाहुण्यांना बसवायची जी पद्धत चित्रांत दिसते ती इथे नकोच: कुसळं टोचतात, विंचू निघतो, आणि ठिणगी पडली तर आवरत नाही. लाकडी बाकांवर घोंगडी अंथरा, ती जास्त शोभतात आणि थंडीत ऊबही देतात.

दुसऱ्या दिवशी खांबांचे खड्डे लगेच बुजवा. फुलं, पत्रावळी, केळीची पानं उकिरड्यात जाऊ द्या. चमकी, थर्माकोल आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्या मात्र नांगरट व्हायच्या आत हातानं वेचा, एकदा मातीत गेल्या की निघत नाहीत. खिळे, तारा आणि टाचण्यांसाठी दोरीला जड लोहचुंबक बांधून मांडवाच्या जागेवर आडवा-उभा दोनदा ओढा, म्हणजे बैलाच्या खुरात किंवा ट्रॅक्टरच्या टायरमध्ये काही घुसणार नाही.